उबवणीच्या अंड्यांचं कँडलिंग: कोणत्या दिवशी काय पाहायचं, कोणतं अंडं काढायचं आणि कोणतं परत ठेवायचं

कँडलिंग म्हणजे उबवायला ठेवलेलं अंडं अंधारात उजेडावर धरून आत काय चाललंय ते पाहणं. काम अवघड नाही, पण ठरावीक तीन ठिकाणी चुकतं. पहिली चूक घाईची: चौथ्या-पाचव्या दिवशीच टॉर्च लावायचा आणि काही दिसलं नाही की अंडं उकिरड्यावर टाकायचं. दुसरी, आतून मोकळं दिसणाऱ्या प्रत्येक अंड्याचं खापर कोंबड्यावर फोडायचं. तिसरी, हवेच्या कप्प्याकडे ढुंकूनही न बघणं. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही तिसरी चूक सगळ्यात महाग पडते.

पुढचं सगळं कोंबडीच्या अंड्यांसाठी आहे, म्हणजे २१ दिवसांच्या हिशेबाने. यंत्र विकतचं असो, थर्माकोलच्या पेटीत बल्ब आणि थर्मोस्टॅट बसवून घरी केलेलं असो किंवा खुडूक कोंबडीखाली अंडी बसवलेली असोत, क्रम तोच राहतो. फरक पडतो तिथे तो वेगळा सांगितला आहे.

## १. आधी दिवस नीट मोजा

सोमवारी संध्याकाळी अंडी ठेवली तर सोमवार हा पहिला दिवस नाही. मंगळवारी संध्याकाळी एक दिवस पूर्ण होतो. निम्मे लोक इथेच एक दिवस पुढे धावतात आणि मग सातव्याऐवजी सहाव्या दिवशी अंडं उजेडावर धरून डोकं खाजवत बसतात.

सोपा उपाय म्हणजे वार धरून चालणं. आठवडी बाजाराच्या दिवशी अंडी बसवली, तर पुढच्या बाजाराला पहिली तपासणी (७), त्याच्या पुढच्या बाजाराला दुसरी (१४), आणि तिसऱ्या बाजाराला पिल्लं (२१). शेवटची तपासणी तेवढी तिसऱ्या बाजाराच्या तीन दिवस आधी (१८). कॅलेंडरवर चार खुणा केल्या की झालं.

रोज बघण्यात काही अर्थ नाही. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की आतली ऊब आणि ओल निघून जाते, हाताळताना तडा जातो तो वेगळाच. तीन तपासण्या पुरतात. संशयाच्या अंड्यांसाठी दहाव्या दिवशी एक जादा.

## २. ठेवण्याआधीची तपासणी

ही बहुतेक जण करतच नाहीत. पण यंत्रात किंवा कोंबडीखाली जाण्याआधी प्रत्येक अंडं एकदा उजेडावरून गेलं पाहिजे. आत पिल्लू शोधायचं नसतं. कवच बघायचं असतं.

उजेडावर केसाएवढा तडाही पांढऱ्या चकचकीत रेषेसारखा उठून दिसतो. असं अंडं ठेवू नका. उबेत ते वाळतं किंवा त्यात जंतू शिरून सडतं, आणि सडलेलं एक अंडं फुटलं की शेजारच्या सगळ्यांना घाण लागते. कवचावर फिकट ठिपक्यांची दाटी दिसत असेल तर ते कवच पातळ आणि विरळ आहे. जास्त अंडी असतील तर हेही गाळा. फार लांबट, फार गोल, दोन बलकांचं, सुरकुतलेलं अंडंही बाजूला ठेवा.

मग हवेचा कप्पा पाहा. तो जाड टोकाला, छोट्या नाण्याएवढा आणि जागेवर स्थिर असायला हवा. दूरच्या गावाहून मोटारसायकलवर खड्ड्यांतून आणलेल्या अंड्यांत कप्पा सैल होतो आणि अंडं तिरपं केलं की बुडबुडा सरकतो. अशी अंडी लगेच यंत्रात टाकू नका. टोकदार बाजू खाली करून ट्रेमध्ये एक दिवस शांत ठेवा आणि मग बसवा. सगळीच सावरतात असं नाही.

कवचावर पेन्सिलने ठेवल्याची तारीख आणि अनुक्रमांक लिहा. स्केच पेन किंवा मार्कर नको, शाई कवचाच्या छिद्रांतून आत जाऊ शकते. खुडूक कोंबडीखाली ठेवत असाल तर ही खूण दुप्पट गरजेची, कारण दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत येऊन अंडी घालून जातात. मग बिनखुणेची, उशिराची अंडी कळत नाहीत आणि सातव्या दिवशी तीच "फोल" म्हणून निघतात.

सावधान: अंडी धुऊ नका. शेण-माती लागली असेल तर कोरड्या कापडाने अलगद पुसा. फारच घाण झालेलं अंडं उबवणीला वापरूच नका.

### साठवणीबद्दल एवढं तरी वाचा

अंडी गोळा करून ठेवण्याची जागा साधारण १५ ते १८ अंश असावी आणि अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. मे महिन्यात हे तापमान आपल्याकडे कुठून आणायचं, हा प्रश्न रास्त आहे. पण गर्भाची वाढ २१-२२ अंशांच्या वर गेलं की हळूहळू सुरू होते, हे लक्षात घ्या. पत्र्याच्या खोलीत ३८-४० अंशांत चार दिवस पडलेल्या अंड्यात गर्भ थोडा वाढतो, रात्री मंदावतो, परत वाढतो आणि मरून जातो. ते अंडं तुम्ही यंत्रात ठेवता तेव्हाच त्यातला जीव गेलेला असतो.

म्हणून उन्हाळ्यात अंडी पत्र्याखाली किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका. माळवदाच्या घरातली गार खोली, रांजणाशेजारची जागा किंवा ओल्या वाळूत रोवलेला छोटा माठ बरा. माठात तळाला कोरडं गवत, त्यावर अंडी आणि तोंडावर सुती कापड. अंड्यांना थेट पाणी लागू देऊ नका. एवढं करूनही उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. फ्रिजच्या आतली थंडी मात्र फार होते, तिथे उबवणीची अंडी नकोत.

## ३. उजेड आणि खोली

महागडं कँडलर घ्यायची गरज नाही. छोटा, तेज एलईडी टॉर्च पुरे. अडचण उजेड कमी पडण्याची नसते, तो बाजूने सांडण्याची असते. टॉर्चच्या तोंडावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा असा बसवा की पुढे रबराचं गोल तोंड तयार होईल. अंड्याचं जाड टोक त्यावर टेकलं की सगळा उजेड आत जातो. मोबाईलचा टॉर्च वापरायचाच असेल तर जाड पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडून तो वर धरा. पांढऱ्या अंड्याला एवढं चालतं. तपकिरी अंड्याला मोबाईल अपुरा पडतो आणि मग माणूस अंड्याला दोष देतो.

जुना पिवळा बल्ब डब्यात घालून केलेलं साधन चालतं, पण ते तापतं. त्यावर अंडं टेकवून गप्पा मारत बसलात तर आतला भाग भाजेल. एलईडी असो की बल्ब, एका अंड्याला दहा सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नये.

खोली पूर्ण अंधारी हवी. दाराच्या फटीतून येणारा उजेडही नडतो. दिवसा गोधडी अंगावर ओढून पाहण्यापेक्षा रात्रीच काम करा.

वेळ ऋतूप्रमाणे ठरवा. डिसेंबर-जानेवारीत परभणी-हिंगोलीकडे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. तेव्हा दारं-खिडक्या बंद करून, अंडी उबदार कापडात झाकून, थोडी थोडी काढा. एप्रिल-मेमध्ये नेमकं उलटं. खोलीच ४० अंशांवर असते आणि उबवण यंत्रात तापवायची सोय असते, गार करायची नसते. त्या दुपारी अंडी गार पडायची भीती नाही, शिजायची आहे. उन्हाळ्यात रात्री नऊनंतर किंवा पहाटे पाचला बसा.

तपासून घ्या: सुरुवातीला एक न उबवलेलं गावरान अंडं, शक्यतो त्याच रंगाचं, उजेडावर धरा. रिकामं अंडं कसं दिसतं हे डोळ्यांत बसलं की पुढची तुलना सोपी होते. नवशिक्याला याच्याइतकी मदत कुठल्याच फोटोची होत नाही.

## ४. अंडी बाहेर काढण्याचा क्रम

यंत्रातून काढताना

1. हात साबणाने धुऊन कोरडे करा. तेल, चुना-तंबाखू लागलेले हात अंड्याला लावू नका. तेलाने कवचाची छिद्रं बुजतात.
2. अंडी फिरवणारी मोटर असेल तर ती आधी बंद करा.
3. एका वेळी दहा-बारा अंडीच काढा आणि झाकण लगेच लावा. सगळा ट्रे टेबलावर मांडून बसू नका.
4. अंडं अंगठा आणि दोन बोटांत, जाड टोक वर करून धरा. टॉर्च वरून जाड टोकाला टेकवा. अंडं थोडं तिरपं करून सावकाश एक फेरा फिरवा.
5. पाहून झालं की त्याच जागी, त्याच स्थितीत ठेवा. आडवी ठेवायची पद्धत असेल तर आडवं, उभ्या ट्रेमध्ये जाड टोक वर.
6. शेवटी मोटर परत सुरू केली का, ते पाहा. ही विसरण्याची हमखास जागा आहे.

दहा मिनिटं बाहेर राहिल्याने अंड्याला काही होत नाही. कोंबडीसुद्धा रोज दाणा-पाण्याला पंधरा-वीस मिनिटं उठतेच.

लाइट गेलेली असताना कँडलिंग करू नका. अंधार आयता मिळाला म्हणून मोह होतो, पण उरलीसुरली ऊब झाकण उघडून घालवायची ही वेळ नव्हे. लाइट बराच वेळ गेली असेल तर काळजीपोटी त्याच रात्री अंडी बघण्यातही अर्थ नाही. गर्भ मेला असला तरी लगेच फरक दिसत नाही. चार-पाच दिवस जाऊ द्या, वाढ थांबली असेल तर तेव्हा कळेल.

खुडूक कोंबडीखालून काढताना

रात्री जा. अंधारात तिला दिसत नाही, त्यामुळे ती शांत असते. एक हात हळूच तिच्या पोटाखाली सरकवा. चोच मारली तरी झटका देऊन हात मागे घेऊ नका, अंडी तशीच फुटतात. तीन-चार अंडी काढा, पाहा, परत सरकवा, मग पुढची घ्या. कोंबडी सगळी उचलायची असेल तर आधी पंखांखाली बोटं फिरवा, कारण पंखात अडकलेलं अंडं वर उचलताच खाली पडतं.

हात तिथे गेलाच आहे तर टोपलीत पिसवा झाल्यात का तेही बघा. पिसवांनी हैराण झालेली कोंबडी अंडी सोडून उठते. गवत बदला, खाली कडुलिंबाचा पाला घाला.

## ५. सातवा दिवस

पहिल्या तपासणीत तीन गट करायचे: चालू, बाद आणि संशयाचं. दोनच गट करणारा माणूस जिवंत अंडी फेकतो.

चालू. जाड टोकाकडच्या भागात बारीक लाल शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या दिसतात आणि मध्ये एक काळा ठिपका. ठिपका म्हणजे पिल्लाचा डोळा. अंडं हलकेच फिरवून दोन सेकंद थांबलात तर तो ठिपका आपणहून डुलताना दिसतो. एकदा पाहिलं की परत विसरत नाही. सगळं अंडं लालसर झाक मारतं.

बाद, प्रकार एक. आत सगळीकडे सारखा पिवळसर उजेड, शीर एकही नाही, फक्त बलकाची फिकट सावली अंडं फिरवलं की सरकते. तुलनेसाठी ठेवलेल्या अंड्यासारखंच दिसतं.

बाद, प्रकार दोन. आत लाल कडं. एक रक्ताचा गोल किंवा अर्धगोल, कवचाला चिकटल्यासारखा, त्यापासून शिरा फुटलेल्या नाहीत. कधी कड्याऐवजी रक्ताची रेघ किंवा एका जागी चिकटलेला काळा डाग असतो, तो अंडं फिरवलं तरी हलत नाही. गर्भ सुरुवातीला वाढला आणि मेला, त्याची ही खूण.

संशयाचं. शिरा आहेत की नाहीत कळत नाही, एका बाजूला काळपट वाटतं, कवच गडद आहे. यावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढा आणि परत ठेवा. दहाव्या दिवशी पुन्हा पाहा. जिवंत असेल तर तोवर अंड्याचा बराच भाग गडद झालेला असतो, चुकायचं कारणच उरत नाही.

पांढऱ्या कवचात शिरा चौथ्या-पाचव्या दिवशीही दिसतात, म्हणून व्हिडिओ पाहून शिकणारे तोच दिवस धरतात. आपल्या गावरान कोंबड्यांची अंडी बदामी, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) किंवा वनराजसारख्या जातींची तपकिरी. त्यांना सातव्याआधी हात लावू नका. फार गडद असतील तर सरळ दहाव्याला पाहा. कडकनाथचं अंडं काळं असतं असं अजूनही कुणी कुणी छातीठोक सांगतं. ते फिकट बदामी असतं आणि इतर गावरान अंड्यांसारखंच तपासता येतं.

सावधान: संशयाचं अंडं परत ठेवायचं याला एकच अपवाद आहे. वास मारणारं, कवचावर घामासारखे थेंब आलेलं, आतून राखाडी-हिरवट डागाळलेलं किंवा गळणारं अंडं एक क्षणही आत नको. ते हलवू नका, कानाजवळ नेऊ नका, हातात जोरात धरू नका. आत गॅस साचलेला असतो आणि ते फुटतं. पॉलिथिनच्या पिशवीत अलगद घालून बाहेर न्या, हातभर खोल खड्ड्यात पुरा आणि हात धुवा. कुत्र्याला घालू नका. एकदा चटक लागली की ते पुढच्या टोपलीवर येतं.

## ६. बाद अंडी फोडून पाहा

वास न येणारी बाद अंडी घराबाहेर नेऊन पसरट थाळीत फोडा. टॉर्च जे दाखवू शकत नाही ते इथे कळतं.

बलकावर लहानसा, घट्ट पांढरा ठिपका असेल तर अंडं फलितच नव्हतं. अशी अंडी बरीच निघाली तर कोंबड्याकडे वळा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर आहे का, तो म्हातारा किंवा लंगडा झालाय का, दोन नर एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत का? ऐन मे महिन्यात धडधाकट नराचीही फलनक्षमता घटते.

ठिपक्याऐवजी बलकावर पसरलेली दुधाळ चकती दिसली, रक्त मात्र नाही, तर गोष्ट वेगळी. अंडं फलित होतं, पण गर्भ पहिल्या एक-दोन दिवसांतच, किंवा साठवणीतच गेला. टॉर्चवर हे अंडं फोल अंड्यासारखंच स्वच्छ दिसतं. उन्हाळ्यात कित्येक जण अशा अंड्यांवरून चांगला नर विकून टाकतात आणि नवीन नराखालीही तेच घडतं, कारण दोष पत्र्याखालच्या टोपलीचा असतो. नर बदलण्याआधी चार-पाच अंडी फोडून बघणं फुकटात होतं.

रक्ताची कडी जास्त निघाली तर संशय साठवण, अंडी फिरवण्यात हयगय, किंवा पहिल्या आठवड्यात तापमान वर गेल्याचा धरा. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.८ अंश हवं. थर्मामीटर अंड्यांच्या पातळीला आहे की झाकणाला टांगलाय, हेही बघा.

सावधान: सात दिवस उबेत राहिलेलं अंडं फोल निघालं तरी खाऊ नका, विकू नका. ताज्या अंड्यांत मिसळून बाजारात नेणारे आहेत, आणि गिऱ्हाईक परत येत नाही ते बहुधा याच कारणाने.

## ७. चौदावा दिवस

आता आत मोठा काळा गोळा दिसतो. हवेच्या कप्प्याची कड स्पष्ट, आणि कडेलगत ठळक शिरा. काही सेकंद थांबलात तर हालचाल दिसते. नाही दिसली तरी घाबरू नका, पिल्लू झोपलेलंही असतं. शिरा आणि कप्प्याची स्वच्छ कड असेल तर अंडं चालू धरा.

मेलेल्या अंड्यात शिरा विरलेल्या असतात, कप्प्याची कड धूसर होते आणि अंडं तिरपं केलं की आतलं काळं द्रव्य पातळ होऊन डचमळतं. हे काढून टाका. सातव्या दिवशी चालू असलेलं अंडं दहाव्यासारखंच दिसतंय आणि पुढे काही वाढलेलं नाही, तर तेही गेलेलं आहे.

## ८. हवेचा कप्पा: कळीची गोष्ट

अंड्यातलं पाणी रोज थोडं थोडं उडतं आणि जाड टोकाचा कप्पा मोठा होत जातो. शेवटी पिल्लू पहिला श्वास याच कप्प्यात घेतं. कप्पा फार लहान राहिला तर आत पाणी जास्त उरतं आणि पिल्लू गुदमरतं. फार मोठा झाला तर आतलं पातळ आवरण सुकून पिल्लाला चिकटतं आणि त्याला फिरून कवच कापता येत नाही. कवचाला भोक पाडून तिथेच मेलेली पिल्लं उन्हाळ्यात जास्त सापडतात ती यामुळे.

म्हणून सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी कप्प्याची कड पेन्सिलने कवचावर आखा. प्रत्येक वेळी रेघ खाली सरकलेली दिसली पाहिजे. अठराव्या दिवशी कप्प्याने अंड्याचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापलेला असावा. सगळ्या अंड्यांवर आखण्याचा कंटाळा असेल तर चार-पाच अंड्यांवर आखा.

ज्यांना डोळ्यांवर भरवसा नाही त्यांनी काटा वापरावा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन १२ ते १३ टक्के घटायला हवं. गावरान दहा अंडी ४५० ग्रॅम भरली असं धरू:

- ठेवताना ४५० ग्रॅम
- सातव्या दिवशी सुमारे ४२८
- चौदाव्या दिवशी सुमारे ४०६
- अठराव्या दिवशी सुमारे ३९४

मधे एखादं अंडं बाद झालं तर त्याचं सुरुवातीचं वजनही हिशेबातून वजा करा, नाहीतर आकडा खोटा येतो. त्यासाठी ठेवतानाच प्रत्येक अंड्यावर त्याचं वजन लिहिलेलं बरं.

वजन जास्त घटलंय, कप्पा मोठा: हवा कोरडी आहे. आपल्याकडे मार्च ते मे हेच चालतं. यंत्रात पाणी वाढवायचं म्हणजे भांडं खोल करायचं नाही, पसरट करायचं. ओल पाण्याच्या पृष्ठभागातून मिळते, भांड्याच्या खोलपणातून नाही. खोलीच्या दाराला ओलं गोणपाट टांगा. अंड्यांवर ओलं कापड टाकू नका. कोंबडीच्या टोपलीखालची माती किंवा वाळू कडेने शिंपडून ओलसर ठेवा.

वजन कमी घटलंय, कप्पा लहान: ओल जास्त आहे. जुलै-ऑगस्टच्या झडीत यंत्रात पाणी न ठेवताही हे होतं. भांडं लहान करा किंवा काही दिवस काढून घ्या, हवेची भोकं उघडी ठेवा. पहिल्या अठरा दिवसांत आर्द्रता ५० ते ५५ टक्के असावी, असं साधारण धरतात. पण मीटर स्वस्तातला असेल तर मीटरपेक्षा कप्प्यावर विश्वास ठेवा.

तपासून घ्या: सातव्या दिवशी चूक कळली तर उरलेल्या दिवसांत ती भरून काढता येते. अठराव्या दिवशी कळली तर हातात फारसं काही उरत नाही.

## ९. अठरावा दिवस

ही तपासणी झटपट करायची. कप्पा सोडून सगळं अंडं काळं दिसलं पाहिजे. कप्प्याची कड वाकडीतिकडी, एका बाजूला उतरलेली असेल तर ते चांगलं लक्षण, पिल्लू तिकडे सरकतंय. कधी कडेवर सावली थरथरताना दिसते. या टप्प्यावर आतून उजेड येत असलेलं अंडं वाढ थांबलेलं असतं; ते काढा.

मग अंडी आडवी ठेवा, फिरवणं बंद करा, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत वाढवा आणि झाकण लावा. यापुढे कँडलिंग नाही. पिल्लं निघायच्या वेळी सारखं झाकण उघडलं की ओल एकदम उतरते आणि अर्धं निघालेलं पिल्लू आवरणात अडकतं. कोंबडीखालच्या अंड्यांना यातलं काहीच करावं लागत नाही, फक्त तिला आता त्रास देऊ नका.

काही घरांत एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी अंडी कोमट पाण्यात सोडतात. हललं तर जिवंत म्हणायचं. हे करू नका. कवचाला सूक्ष्म तडा गेलेला असेल तर पाणी आत शिरून धडधाकट पिल्लू बुडतं, आणि छिद्रांतून जंतू जातात ते वेगळे. पाण्याने जे कळतं ते अठराव्या दिवसाच्या टॉर्चने आधीच कळलेलं असतं. कानाशी धरून हलवणंही याच जातीचं.

## १०. एकविसाव्यानंतर राहिलेली अंडी

तापमान थोडं कमी राहिलं असेल तर पिल्लं एक-दोन दिवस उशिरा येतात. पहिलं पिल्लू निघाल्यावर अठ्ठेचाळीस तास थांबा. त्यानंतर राहिलेली अंडी एकेक उजेडावर धरा. कप्प्यात चोचीची सावली हलतेय किंवा आतून बारीक चिवचिव येतेय, तर परत ठेवा. काही हालचाल नाही, कप्प्याची कड धूसर आणि अंडं गार लागतंय, तर काढा.

ही अंडीही बाहेर नेऊन फोडून बघा. पूर्ण वाढलेलं पिल्लू, अंग चिकट-ओलं आणि आसपास पाणी, म्हणजे ओल जास्त झाली. पूर्ण वाढलेलं पण सुक्या आवरणात गुंडाळलेलं असेल तर ओल कमी पडली, किंवा शेवटच्या तीन दिवसांत कुणीतरी झाकण उघडत होतं. डोकं टोकदार बाजूला असेल तर अंडं उलटं, म्हणजे जाड टोक खाली करून ठेवलं होतं. तारीख घालून वहीत लिहा: किती ठेवली, सातव्याला किती फोल, किती कडी, चौदाव्याला किती मेली, किती निघाली. पुढच्या खेपेला अडलंच, तर ही वही घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. नुसतं "पिल्लं निघत नाहीत" म्हटल्यावर डॉक्टर तरी काय सांगणार.

कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली असतील तर हिशेब २८ दिवसांचा, टर्कीचाही तेवढाच. त्यांच्या तपासण्या दहाव्या, अठराव्या आणि पंचविसाव्या दिवशी करा. लाव्याची अंडी १७-१८ दिवसांत फुटतात, पण कवच चट्ट्यापट्ट्यांचं असल्याने आत फारसं दिसत नाही. तिथे कँडलिंगमध्ये वेळ घालवण्यापेक्षा तडा गेलेली आणि वास येणारी तेवढी काढा.

यंत्र रिकामं झालं की पिल्लांची लव आणि कवचाचे तुकडे काढून ट्रे साबणाच्या पाण्याने धुवा, जंतुनाशक मारा आणि उन्हात पूर्ण वाळवा. थर्माकोलच्या पेटीत फुटक्या अंड्याचं पाणी मुरलं असेल तर ती कितीही धुतली तरी वास जात नाही. ती बदला आणि मगच नवीन अंडी ठेवा.